कुशीवर कोण वळवते?

टीकालेख लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, याविषयी मी स्वतःच साशंक आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा शाळामास्तराचा, आणि शाळा सुटल्यावर लिहिलेल्या चार कादंबऱ्या, एवढेच माझे भांडवल. तरीही संपादकांनी ‘एखाद्या पुस्तकाची परखड चिकित्सा करा’ म्हणून गळ घातली, तेव्हा एकच पुस्तक डोळ्यांपुढे आले. ते माझेच आहे. दुसऱ्याच्या पुस्तकावर परखड लिहिले तर दिवाळीच्या फराळाला तो येत नाही. स्वतःच्या पुस्तकावर लिहिले तर निदान करंज्या तरी वाया जात नाहीत.

ही कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली त्यांना ती आठवेल, आणि ज्यांनी वाचली नाही त्यांचे काही बिघडलेले नाही. बैलगाडी उलटून नायकाच्या पाठीचा कणा मोडतो. तीन वर्षे तो अंथरुणाला खिळून असतो. घरची माणसे नवस करतात, त्याची वाग्दत्त वधू वाट पाहते, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, देवळातील दीपमाळ उजळत असताना, तो भिंतीचा आधार सोडून उभा राहतो. शेवटचे पान वाचताना रडू आवरले नाही, अशी बरीच पत्रे मला आली. ती मी जपून ठेवली होती.

पुढे २०११ च्या मे महिन्यात माझे थोरले बंधू हापूसच्या कलमावरून पडले. हातात झेला होता, फांदी ओली होती, आणि खाली कातळ होता. आम्ही धावत गेलो, चादरीची झोळी केली आणि चौघांनी चार कोपरे धरून दादाला गाडीत घातले. मणक्याला मार लागलेल्या माणसाला असे उचलू नये, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर न्यावे, हे त्या वेळी आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. मी तर या विषयावर सबंध कादंबरी लिहून बसलो होतो!

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन यशस्वी झाले. आईने तिथेच पदर पसरून देवाला हात जोडले. मोडलेला मणका स्क्रू आणि सळ्यांनी सांधला गेला, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता, हे आम्हांला चार दिवसांनी कळले. हाड सांधते, त्याच्या आतला मज्जारज्जू तुटला तर तो हाडासारखा सांधत नाही. दादाची इजा छातीच्या खालच्या भागातील मणक्याला होती. हात शाबूत राहिले. कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्शाची जाणीव.

घरी आल्यावर जे सुरू झाले, त्याला माझ्या कादंबरीत एक ओळही नव्हती. संवेदना नसलेले शरीर एकाच अंगावर पडून राहिले की दाबाखालची कातडी मरू लागते, आणि ज्याची ती कातडी त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. वहिनी गजर लावून निजत असे: अकरा, एक, तीन, पाच. लघवीसाठी नळी, शौचाची ठरलेली वेळ, टाचांखाली उशी, आणि रोज सकाळी आरसा धरून पाठीवर कुठे लाल डाग उमटला आहे का याची तपासणी. एकदा थंडीत आईने मायेने पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. दादाला काहीच कळले नाही. पोटरीला हाताएवढा फोड आला, तो भरायला दोन महिने लागले.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. तिसऱ्या महिन्यात एके संध्याकाळी दादाचा उजवा पाय आपोआप ताडकन उडाला. आई ओरडली, “पाय हलला! देव पावला!” शेजारी जमले, साखर वाटली गेली. तो स्नायूंचा झटका होता. मेंदूशी संबंध तुटल्यावर इजेखालचा मज्जारज्जू स्वतःच्याच मर्जीने पाय आखडतो नि उडवतो. त्या हालचालीवर माणसाची सत्ता नसते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले, तेव्हा आई त्यांच्यावरच रागावली. मला मात्र माझे शेवटचे पान आठवले. अशी साखर मी शेकडो घरांत वाटली होती.

त्याच सुमारास एका नातलगाने, दादाला धीर येईल म्हणून, माझीच कादंबरी त्याच्या उशाशी आणून ठेवली. दादाने ती चाळून बाजूला सारली. दोन गजरांच्या मधल्या वेळात ती वहिनीने वाचली. एके दिवशी चहाचा पेला माझ्यापुढे ठेवताना ती सहज म्हणाली, “भाऊजी, पुस्तक चांगलं लिहिलंय. पण तीन वर्षं तो माणूस अंथरुणावर आहे. त्याला रात्री कुशीवर कोण वळवतं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या टीकाकारांपैकी कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

दुसरे लेखक या प्रश्नाला काय उत्तर देतात, हे पाहण्याच्या इच्छेने मी पुस्तके धुंडाळू लागलो. माझे इंग्रजी बेताचे. मांडीवर शब्दकोश घेऊन वाचले. सुझन कूलिज या अमेरिकन लेखिकेचे ‘व्हॉट केटी डिड’ हे १८७२ सालचे मुलांचे पुस्तक. आईवेगळी, दांडगी केटी आत्याचे न ऐकता झोपाळ्यावर बसते, झोपाळा तुटतो, पाठीला इजा होते आणि चार वर्षे ती खोलीत अडकून पडते. दुखण्याच्या शाळेत ती शहाणी होते, आणि शहाणी झाल्यावर चालू लागते. १८८०-८१ साली आलेल्या योहाना श्पीरीच्या ‘हायडी’ मधील क्लाराला मणक्याची इजा नाही, पण ती चाकाच्या खुर्चीत आहे. डोंगरावरची हवा आणि शेळीचे दूध मिळताच तीही उभी राहते. दोन्ही पुस्तके मुलांना द्यावी इतकी गोड आहेत. परंतु त्या गोडव्यात एक विषारी थेंब आहे. गुणी मूल चालू लागते, असे पुस्तक सांगते. मग जे चालू लागत नाही, त्याच्या गुणांत काही कमी होते काय? त्याच्या घरच्यांची माया अपुरी पडली काय? माझी कादंबरी मिटल्यावर वहिनीने हाच हिशेब स्वतःशी मांडला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तरी केटीच्या पुस्तकाला न्याय दिला पाहिजे. त्यात एक जागा फार खरी आहे. आत्या वारल्यावर केटी वडिलांपाशी हट्ट धरते की घर मी चालवीन, आणि वरच्या मजल्यावरील खोलीतून ती घराचा कारभार पाहू लागते. माझ्या मते ती तिथेच बरी झाली. चालणे ही पुढची मेहेरबानी. आमच्या घरी हीच गोष्ट भांडणातून घडली. दादाचे हात धडधाकट असूनही आई त्याला घास भरवीत असे. वहिनीने एक दिवस ताट उचलून त्याच्या मांडीवर ठेवले. अंघोळही त्याने स्वतःच करावी असा तिने हेका धरला. पहिल्या दिवशी दीड तास लागला. आई ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “हिला मायाच नाही.” वहिनी ओट्याशी पाठ करून उभी राही आणि काही बोलत नसे. पुढच्या हंगामात तिने पेट्यांच्या हिशेबाची वही आणि वाशीच्या दलालाचा फोन दादाच्या हवाली केला. दुसऱ्याच दिवशी दलालाशी बोलतानाचा त्याचा चढा आवाज ऐकून आईने डोळे पुसले. शुश्रूषेत हात पुढे करणे सोपे आहे. हात मागे घ्यायला धैर्य लागते. यावर कादंबरी का लिहिली जात नाही?

यानंतर हाती आले क्रिस्टोफर रीव्ह यांचे ‘स्टिल मी’. पडद्यावर ‘सुपरमॅन’ झालेला हा नट २७ मे १९९५ रोजी घोड्यावरून पडला. मानेचे वरचे दोन मणके मोडले, आणि श्वाससुद्धा यंत्राने घ्यावा लागला. १९९८ च्या या आत्मकथेत घर आहे: निराशेच्या क्षणी ‘तू तोच आहेस’ असा दिलासा देणारी पत्नी आहे, विम्याच्या मर्यादेची चिंता आहे. पुस्तकाचे नावही त्या दिलाशातूनच आले. पण याच रीव्ह यांना २००० साली एका जाहिरातीत संगणकाच्या करामतीने चालताना दाखवले गेले, आणि हे बरे कसे झाले म्हणून खरोखरीचे रुग्ण चौकशी करू लागले. आशा जिवंत ठेवण्याचा त्यांचा हेतू खोटा नव्हता. पण आमच्या घरी वाटली गेलेली साखर मी पाहिली आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शय्याव्रणातून झालेल्या संसर्गावर उपचार चालू होते. चोवीस तास परिचारिका असलेल्या माणसाची ही कथा; आमच्या वहिनीपाशी एक गजर होता.

चमत्काराचा शेवट जुना झाला, तेव्हा आपण पदकाचा शेवट शोधून काढला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांच्यावर २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट निघाला. ऊर अभिमानाने भरून यावा असेच ते आयुष्य आहे. तक्रार त्यांच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. पदक मिळाल्यावाचून आपण अशा माणसाची गोष्ट ऐकायला तयार नसतो. दीड तास खपून स्वतःची अंघोळ केली, याला पदक कोण देणार?

म्हणूनच कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाला मी या सर्वांत वरचे स्थान देतो. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या पायांतील शक्ती गेली. त्यांना अंधारातून बाहेर काढणारे बाबूकाका दिवाण हे स्वतः तशाच अवस्थेतले गृहस्थ होते, आणि तरीही स्वतःची मोटार चालवीत होते. वैद्य नाही, नवस नाही. त्याच वाटेवर चार पावले पुढे असलेला माणूस भेटला, आणि त्यातून पुढे शेकडो अपंगांना आसरा देणारी संस्था उभी राहिली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुस्तकाचे नाव. आम्ही कादंबरीकार जी खुर्ची शेवटच्या पानावर अडगळीत टाकतो, ती या लेखिकेने मुखपृष्ठावर मांडली आहे. आमच्या दादाने संपूर्ण वाचलेले हे गेल्या कित्येक वर्षांतील पहिले पुस्तक. वाचून झाल्यावर त्याने एवढेच विचारले, “आपल्या ओसरीला उतार करायला किती खर्च येईल रे?” उतार झाला. आता दिवाळीचा आकाशकंदील तोच अंगणात बसून बांधतो, आणि दर थोड्या वेळाने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग वर उचलतो, कातडीला विश्रांती म्हणून.

मराठीत ‘बरा’ हा शब्द मोठा समजूतदार आहे. रोगातून सुटलेला तो बरा, आणि ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ म्हणणाराही बराच. मी आयुष्यभर पहिल्या अर्थाची कादंबरी लिहीत होतो. घरे मात्र दुसऱ्या अर्थावर चालतात, आणि तो अर्थ कोणी तरी रात्री तीन वाजता उठून मिळवलेला असतो. दुखण्यावरचे पुस्तक हाती आले की मी आता शेवटचे पान आधी पाहत नाही; वहिनीचा प्रश्न घेऊन मधली पाने उलगडतो. वाचकांनीही तसे करून पाहावे.

माझ्या त्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीची प्रुफे सध्या टेबलावर आहेत. दीपमाळेचे प्रकरण मी काढून टाकले आहे. त्या जागी काय यावे ते अजून सुचलेले नाही. परवा वहिनी करंज्यांना मुरड घालीत होती, तेव्हा तिला विचारले. वर न पाहताच ती म्हणाली, “आधी त्याला कुशीवर वळवा, भाऊजी. मग पुढचं बघू.”