संत बहिणाबाईंची परंपरा : कुळाची की कानाची?



वंश म्हटला की आपल्यापुढे वंशावळ येते. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. क्षेत्राच्या ठिकाणी गेलो की उपाध्यांच्या जुन्या वहीत ही नावे सापडतात आणि ऊर भरून येतो. पण ती वही नीट पाहा. मुलाखाली मुलाचेच नाव असते. लेक सासरी गेली की त्या ओळीतून निघून जाते आणि सासरच्या ओळीत ती बहुधा कोणाची तरी पत्नी एवढीच उरते. देवगावच्या आऊजी कुलकर्ण्यांची लेक बहिणा अशा कोणत्याही वहीत शोधून फारशी हाती लागली नसती. आणि आज तीनशे वर्षांनंतरही आपण तिला ओळखतो, ते तिने स्वतःच लिहिलेल्या एका वेगळ्या वंशावळीमुळे. तिचा विचार या लेखात करू.

बहिणाबाईंचा काळ शके १५५० ते १६२२, म्हणजे इ. स. १६२८ ते १७००. त्यांच्या गाथेतील तीन प्रकरणे आपण सहसा वेगवेगळी वाचतो. एक, गुरुपरंपरेचा अभंग. दुसरे, वज्रसूचीवरचे अभंग. तिसरे, अंतकाळी मुलाला सांगितलेली मागल्या बारा जन्मांची हकीकत. माझ्या मते ही तिन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. तो प्रश्न असा : मी कोणाची?

परंपरेचा अभंग आधी घेऊ. आदिनाथांनी पार्वतीला उपदेश केला, तो मच्छिंद्रांनी ऐकला, तेथून गोरक्ष, गहिनी, निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय. इथवरची ओळ माउलींनीच ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी दिली आहे. तिचा आरंभ पाहा. क्षीरसागराच्या काठी शिवांनी गुज सांगितले ते शक्तीच्या कानात, आणि माशाच्या पोटातील मच्छिंद्रांना ते लाभले. बोलणारा एक, ऐकणारी दुसरी, आणि तिसऱ्याच्या पदरी ठेवा पडला. येथे कोणी कोणाचा पुत्र नाही. निवृत्तिनाथ माउलींचे थोरले बंधू खरे, पण या ओळीत ते बंधू म्हणून येत नाहीत, गुरू म्हणून येतात. वडील विठ्ठलपंतांचे नाव या ओळीत नाही. ज्या मुलांना आईबापांवरून समाजाने छळले, त्यांनी आपली ओळख सांगताना रक्ताचा आधार घेतला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता तुकोबारायांकडे या. स्वप्नात गुरूंनी माथ्यावर हात ठेवला, भोजनाला पावशेर तूप मागितले, आणि राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी ही खूण सांगितली. तुकोबाराय तेवढ्यावर थांबतात. बहिणाबाई मात्र माउलींची ओळ पुढे आणतात : ज्ञानोबारायांपुढे सच्चिदानंद, मग विश्वंभर, मग राघव, केशव, बाबाजी आणि तुकोबा. आळंदीचा धागा आणि देहूचा धागा यांना त्यांनी अशी गाठ मारली. त्यातही सच्चिदानंदांना दिलेले स्थान मला फार मोलाचे वाटते. ते नेवाशास ज्ञानेश्वरी उतरून घेणारे. ऐकले आणि लिहिले, एवढ्या सेवेवर ते परंपरेचा दुवा झाले.

अभ्यासक येथे हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. माउलींची समाधी शके १२१८ ची, तुकोबारायांचे प्रयाण शके १५७१ चे. मध्ये साडेतीनशे वर्षे आणि नावे पाच. एकेका गुरूच्या वाट्याला सत्तर वर्षे येतात. तेव्हा जन्ममृत्यूची नोंदवही म्हणून हा अभंग टिकणार नाही आणि तो तसा टिकवण्याचा अट्टाहास आपण करू नये. त्याचे काम वेगळे आहे. आपल्यापर्यंत आलेला शब्द कोणाकोणाच्या ऋणाने आला, हे सांगण्याचे ते काम आहे. ऋण सांगताना माणूस सगळे दुवे मोजत नाही, मुख्य नावे घेतो.

बहिणाबाईंना हे ऋण स्वस्तात मिळाले नव्हते. लहानपणीच त्यांचे लग्न झाले होते. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबारायांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि ओढ लागली. ब्राह्मणाच्या घरच्या बाईने कुणब्याला गुरू म्हणावे, हे पतीला सोसवेना. त्यांनी मारहाण केली. तरी ओढ सुटली नाही. तुकोबारायांचे रूप डोळ्यांनी पाहण्याआधी त्यांचा शब्द कानाने आला होता, आणि उपदेश झाला तोही स्वप्नात. पुढे पतीचेही मन पालटले आणि ते कुटुंब देहूस आले.

वज्रसूचीवरचे अभंग या जागी ठेवून वाचावेत. मूळ संस्कृत ग्रंथाचा प्रश्न आहे की ब्राह्मण कोणाला म्हणावे. जीवाला, देहाला, जातीला, कर्माला की ज्ञानाला? उपनिषदांत गणल्या जाणाऱ्या वज्रसूचिकेत ऋषींची कुळेच पुढे मांडली आहेत. ऋष्यशृंग मृगीचे, व्यास कोळ्याच्या कन्येचे, वसिष्ठ उर्वशीचे, अगस्ती घटातले. कुळ पाहत बसलो तर ऋषीही हाती लागत नाहीत. पंडिताने हा वाद घालणे वेगळे. ज्या बाईने या प्रश्नापायी मार खाल्ला तिने तो मराठीत आणला, याचे वजन निराळे आहे.

बारा जन्मांच्या हकिकतीत काव्याचा रस कमी आहे, हे कबूल करायला हवे. जन्मामागून जन्म, गावामागून गाव असे ते कथन चालते आणि वाचणारा थकतो. पण मर्म पाहा. ज्या बाईला वंशावळीत जागा नाही, ती स्वतःच स्वतःची पूर्वज होते. बारा पिढ्या म्हणजे बारा बहिणी. आणि ऐकायला बसलेला मुलगाही मागल्या जन्मांतला सोबती आहे, असे त्या सांगतात. पोटचा मुलगा येथे श्रोता झाला, म्हणूनच तो वारस.

मग रक्ताच्या नात्याला काहीच किंमत नाही काय? तसे नव्हे. तुकोबारायांच्या घरी विश्वंभरबोवांपासून वारी होती. नाथमहाराज भानुदासांचे पणतू. पण नाथांचेच पुत्र हरिपंडित यांना वडिलांचे मराठीतले पुराण रुचले नाही, ते काशीस गेले असे चरित्रकार सांगतात. आणि मराठी कवित्वाचा वारसा मुलीच्या मुलाने, मुक्तेश्वरांनी चालवला.

कोकणातला बागाईतदार हे आपल्याहून लवकर समजतो. हापूसची कोय पुरली तर येणारे झाड हापूससारखेच निघेल, याचा भरवसा नाही. म्हणून रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. मूळ एकाचे, गोडी दुसऱ्याची. खुंटाशिवाय काडी जगत नाही, आणि काडीशिवाय खुंटाला ती चव येत नाही. कुळ हा खुंट आहे. श्रवण ही काडी आहे. देवगावच्या कुलकर्ण्यांच्या खुंटावर देहूची काडी बांधली गेली, तिला आलेले फळ आपण आज गातो आहोत.

हे आज सांगण्याचे कारण आहे. कीर्तनाच्या फलकावर अमुक महाराजांचे इतकावे वंशज असे मोठ्या अक्षरांत छापतात. फडांत, मठांत गादीवरून तंटे होतात. दुसरीकडे कितीतरी वृद्ध टाळकरी, विणेकरी मनात कुढतात, की मुले नोकरीला शहरात गेली, आपल्यामागे कोण? माझीही मुले कीर्तनात नाहीत. परंतु माझ्याकडून चाली घेऊन गेलेली मुलेमुली चार गावांत उभी राहून अभंग सांगतात, आणि त्यातली एकही माझ्या भावकीतली नाही. गादीच्या भांडणात पडलेल्यांनी आणि मागे कोण म्हणून कुढणाऱ्यांनी, दोघांनीही बहिणाबाईंचा परंपरेचा अभंग एकदा सावकाश वाचावा. त्यात बापाकडून मुलाकडे गेलेला ठेवा एकही नाही.

पुढच्या एकादशीला घरात हरिपाठ होईल तेव्हा आपल्या पणजोबांचे नाव जरूर आठवा. त्याच वेळी, पहिला अभंग आपल्या कानात कोणी घातला, ती आजी असेल, शेजारची म्हातारी असेल, दिंडीतला अनोळखी वारकरी असेल, त्याचेही नाव घ्या. आणि शेजारचे पोर दारात येऊन उभे राहिले तर त्याच्या हाती टाळ द्या.

रामकृष्णहरी.