‘पगार’, ‘तनखा’ आणि मिठाची दंतकथा

इंग्रजी ‘सॅलरी’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना, रोमन सैनिकांना वेतनादाखल मीठ मिळत असे, ही कथा हटकून सांगितली जाते. ‘मिठाला जागणे’ हा प्रयोग आपल्या तोंडी असल्याने ती आपल्याला चटकन पटते. परंतु व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकते, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘सॅलरी’ लॅटिन ‘सालारिउम्’पासून आला आणि त्याच्या मुळाशी ‘साल्’ म्हणजे मीठ आहे, येथवर वाद नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने हा संबंध नोंदविला. मात्र सैनिकांना मीठ मोजून दिले जाई, असे तो म्हणत नाही. सामान्य सैनिकाच्या वेतनास ‘स्तिपेन्दिउम्’ म्हणत. विद्यार्थ्यांचा ‘स्टायपेंड’ त्यातूनच आला. तात्पर्य, शब्दाचे मूळ खरे असूनही त्यावर रचलेल्या कथेला आधार नाही.

आता आपल्या घरातील शब्द पाहू. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्या भाषेत ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याला शांत करणे, यावरून देणे फेडणे हा अर्थ रूढ झाला. इंग्रजी ‘पे’ही याच मुळाचा. हैदराबादेत निजामाच्या दफ्तराची भाषा आधी फारसी व पुढे उर्दू असल्याने आपल्या वाडवडिलांच्या तोंडी ‘तनखा’ बसला. त्यातील ‘तन’ आणि संस्कृत ‘तनू’ ही भावंडे होत. मराठेशाहीच्या कागदांतही ‘तनखा’ महसुलाच्या आकारणीच्या अर्थाने येतो.

तरीही ‘तनखा’ ऐकून पुण्याकडील पाहुणे हसतात आणि आपली मुले ओशाळून ‘पगार’ म्हणू लागतात. एक परका शब्द टाकून दुसरा परका शब्द शुद्ध म्हणून स्वीकारण्याचाच हा प्रकार!

माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पुरस्कार केला. त्यांची विद्वत्ता आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु कूळ कळले म्हणून शब्दास हद्दपार करावे, हे आम्हांस मान्य नाही. त्या कसोटीने ‘पगार’ही जाईल.

ज्यांच्या घरी जुन्या जमाखर्चाच्या वह्या वा पत्रे असतील, त्यांनी त्यांतील असे शब्द सालासह उतरवून ठेवावेत. हैदराबादी मराठीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दंतकथांपेक्षा त्यांचाच अधिक उपयोग होईल.