मेस दुर्बीण: उंचीचा विक्रम आणि मोजमापाचा प्रश्न

लडाखमधील हानले येथे ४ ऑक्टोबर २०२४ रोजी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिची ओळख बहुधा दोन विशेषणांतच आटोपते: आशियातील सर्वांत मोठी, जगात सर्वांत उंचावरची. २१ मीटर व्यासाचा आरसा आणि सुमारे ४,३०० मीटर उंची, हे आकडे खरेच आहेत. पण उत्तरपत्रिकेत एवढेच लिहिलेत तर मुद्दा हुकेल.

ही दुर्बीण गॅमा किरण पाहतच नाही. गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव सुरू होतो. त्यातून काही नॅनोसेकंदांचा निळसर चेरेन्कोव प्रकाश जमिनीवर पोचतो, तो १,०८८ प्रकाशगुणक नलिकांचा कॅमेरा टिपतो. म्हणजे वरची हवा हाही उपकरणाचाच भाग, आणि तो कुणी बांधलेला नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातला तापमापक ज्ञात तापमानाशी ताडून घेता येतो. इथे ज्ञात ऊर्जेचा गॅमा किरण आकाशातून सोडणार कोण?

नेहमीचा उपाय म्यूऑनचा. दुर्बिणीजवळून गेलेल्या म्यूऑनची प्रतिमा कड्यासारखी दिसते. कड्याच्या त्रिज्येवरून किती प्रकाश यायला हवा ते काढता येते आणि आरसा व कॅमेरा तपासता येतो. उपाय सुरेख, पण अपुरा. हा प्रकाश शेवटच्या काही शे मीटरांतला असतो; दहा किलोमीटरवरच्या हवेबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून क्रॅब तेजोमेघाचा आधार घेतात. १९८९ मध्ये व्हिपल दुर्बिणीने या ऊर्जांना तो निःसंशय टिपला, तेव्हापासून तोच मापदंड. मात्र या मापदंडाचे मापही अशाच दुर्बिणींनी घेतलेले!

चूक किती महागात पडते? क्रॅबचा वर्णपट ऊर्जेच्या साधारण उणे २.६ व्या घाताने उतरतो. ऊर्जा १५ टक्के जास्त वाचली गेली, तर त्याच ऊर्जेला प्रवाह १.१५ च्या १.६ व्या घाताइतका, म्हणजे सुमारे २५ टक्के फुगतो. स्वतः करून पाहा.

उंची कामाला येते ती इथे. वर्षाव जवळ असल्याने प्रकाश दाट पोचतो, वाटेत कमी हरवतो, आणि २०-३० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे किरण आवाक्यात येतात. त्याच ऊर्जा फर्मी उपग्रहही मोजतो, आणि त्याच्या शोधकाची चाचणी-प्रत २००६ मध्ये सर्नच्या ज्ञात ऊर्जेच्या कणझोतात तपासली गेली होती. तेव्हा मेसचा शोधनिबंध हाती आला की आधी क्रॅबचा आलेख उघडा आणि डावीकडचे, कमी ऊर्जेचे बिंदू फर्मीच्या बिंदूंशी जुळतात का ते पाहा.