काटेरी चेंडूची आकृती

एड्सचा विषाणू म्हटले की एक ठरावीक आकृती डोळ्यांपुढे येते : एक गोल, त्याच्या अंगभर दाटीने टोचलेल्या टाचण्या आणि पोटात शंकूसारखी पेटी. पुस्तकांत, तक्त्यांवर, प्रदर्शनांत ती इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाच्या मनातही येत नाही. कथा-कवितेची चिकित्सा होते, तशी आकृतीचीही व्हावी असे आम्हांला वाटते. कारण वर्गातला धडा विसरला जातो, आकृती मात्र लक्षात राहते.

आधी तिच्या जमेची बाजू पाहू. विषाणूकण जवळजवळ गोल असतो, व्यास साधारण १२० नॅनोमीटर. बाहेर मेदाचे पटल आणि त्यात रोवलेली प्रथिने, हेही खरे. टाचणीचे डोके म्हणजे जीपी १२० आणि पटलात रुतलेला देठ म्हणजे जीपी ४१. अशा तीन जोड्या मिळून एक काटा होतो. त्याचे डोके पांढऱ्या पेशीवरील सीडी ४ या प्रथिनाला चिकटते, मग सीसीआर ५ किंवा सीएक्ससीआर ४ या दुसऱ्या प्रथिनाचा आधार घेते (हा दुसरा टप्पा १९९६ मध्ये उलगडला), आणि देठ विषाणूचे व पेशीचे पटल जवळ खेचून एक करतो. काटा कशासाठी असतो, हे आकृती बरोबर सांगते.

खटकतात त्या तीन गोष्टी.

पहिली, काट्यांची दाटी. १९८० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या आधारे एका कणावर ७२ काटे असावेत असा अंदाज केला गेला होता. २००६ साली गोठवलेल्या कणांच्या अनेक कोनांतून प्रतिमा घेऊन मोजणी झाली, तेव्हा सरासरी भरली १४ च्या आसपास. फ्लूच्या विषाणूवर मात्र काही शे काटे एकमेकांना खेटून असतात. हा फरक किरकोळ नाही. प्रतिपिंडाला दोन हात असतात. काटे जवळजवळ असतील तर ते दोन्ही हातांनी पकडते. एक हात सुटला तरी दुसरा धरून राहतो. काटे विरळ असले की दुसरा हात रिकामाच राहतो. ज्या विरळपणामुळे विषाणूला निसटता येते, तोच आकृतीने पुसून टाकला आहे.

दुसरी, काट्यांचे बोडकेपण. जीपी १२० च्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग शर्करांच्या साखळ्यांचा असतो आणि त्या चढवतात आपल्याच पेशी. घरातलाच सदरा घालून वावरणाऱ्या चोरासारखा हा प्रकार आहे. पहारेकऱ्याला ओळख पटत नाही.

तिसरी, मालकीचा घोळ. पटल विषाणूचे स्वतःचे नसते. पेशीतून बाहेर पडताना तो तिचेच पटल ओढून नेतो आणि त्याबरोबर पेशीची काही प्रथिनेही. याचा चटका संशोधकांनाही बसला. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये माकडांवर लशीचा प्रयोग झाला. तुलनेसाठी काही माकडांना विषाणू नसलेल्या नुसत्या मानवी पेशी टोचल्या होत्या. त्यांतलीही काही बचावली! संसर्गासाठी वापरलेला विषाणू तशाच मानवी पेशींत वाढवलेला होता. त्याच्या अंगावरची मानवी प्रथिने माकडांच्या शरीराने परकी म्हणून ओळखली होती.

आकृती सोपी हवी, हे मान्य. पण तपशील गाळणे वेगळे आणि उलटा समज करून देणे वेगळे. विषाणू १९८३ साली सापडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी सुमारे दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा जाहीर केली. जीपी १२० वर आधारलेली लस २००३ मध्ये अपयशी ठरली. थायलंडमधील चाचणीत २००९ साली सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसले. त्याच धर्तीवरची दक्षिण आफ्रिकेतील चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. औषधांनी विषाणू दाबून ठेवता येतो. लस मात्र अजून नाही. का नाही, असे विद्यार्थ्याने विचारले तर ही आकृती काय उत्तर देणार? इतके काटे उघडे पडलेले दिसत असताना ते पकडता येत नाहीत, म्हणजे शास्त्रज्ञ तरी नालायक किंवा कुणीतरी लस दडवून ठेवली आहे, असेच त्याला वाटेल. अफवेला अशी जागा आपणच करून देतो.

उपाय स्वस्त आहे. १२ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू घ्या; म्हणजे एक सेंटीमीटरला दहा नॅनोमीटर असे प्रमाण झाले. त्यात १४ टाचण्या समान अंतरावर, सेंटीमीटरभर बाहेर राहतील अशा टोचा. प्रत्येकीला लोकरीचे धागे गुंडाळा, त्या शर्करा. चेंडूवर अधूनमधून रंगीत ठिपके द्या; ती पेशीकडून आलेली प्रथिने. आता हातांच्या टोकांत दीड सेंटीमीटर अंतर असलेले कागदी प्रतिपिंड कापून द्या आणि मुलांना दोन टाचण्या एकदम पकडायला सांगा. टाचण्यांमधले अंतर पाच-सहा सेंटीमीटर भरेल. लस इतकी अवघड का, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.