‘गेझ’ म्हणजे नुसती नजर नव्हे

सिनेमावर मराठीत लिहिताना आपण ‘मेल गेझ’चं ‘पुरुषी नजर’ करून टाकलं आणि पुढे निघालो. मला हे भाषांतर खटकतं.

मराठीतली नजर क्षणाची असते. ती पडते, वळते, चुकते, लागते. लागलीच तर मीठ-मोहरी ओवाळून काढताही येते! ‘गेझ’ला वेळ लागतो. टक लावून बघत राहणं, न्याहाळणं हे त्याच्या जास्त जवळचं. रोजच्या इंग्रजीत तो शब्द वाईटही नाही. माणसं ताऱ्यांकडे, समुद्राकडे, झोपलेल्या बाळाकडे ‘गेझ’ करतात. उद्धटपणे रोखून बघण्यासाठी ‘स्टेअर’ आहे.

मग हा बिचारा शब्द आरोपीच्या पिंजऱ्यात कसा आला? लाकाँच्या फ्रेंच ‘रगार’साठीही इंग्रजीत ‘गेझ’च वापरतात. 1975 साली लॉरा मल्व्हीचा ‘व्हिज्युअल प्लेझर अँड नॅरेटिव्ह सिनेमा’ हा निबंध ‘स्क्रीन’मध्ये आला. तिने तीन बघणी वेगळी काढली: कॅमेऱ्याचं, प्रेक्षकांचं आणि पडद्यावरच्या पात्रांचं एकमेकांकडे. पहिली दोन तिसऱ्याच्या आड लपतात, असं तिचं म्हणणं. तिनेच घेतलेलं उदाहरण बघा, हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (1958). स्कॉटी गाडीतून मॅडलिनचा पाठलाग करतो आणि आपण जणू त्याच्याच सीटवर बसून तिला बघतो. प्रेक्षक बाई असली, तरी तिलाही सीट तीच मिळते.

‘पुरुषी नजर’ म्हटलं की ही सगळी मांडणी गळते आणि उरतो एक वाईट पुरुष. मग आपण हीरोचं चारित्र्य तपासत बसतो. कॅमेरा कुठे ठेवलाय, हे विचारत नाही. आयटम साँगमध्ये तर पडद्यावर कोणी बघत नसलं तरी कॅमेरा कंबरेवरच थांबतो. तिथे कोणाची नजर वाईट म्हणायची?

‘सैराट’मध्ये (2016) आर्ची परश्याकडे रोखून बघते आणि लाजतो तो. भूमिका उलटल्या म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती तिच्या बघण्याला दिलेला वेळ. एक कटाक्ष टाकून ती मोकळी होत नाही. याला ‘नजर’ म्हटलं तर तो वेळच हरवतो.

माझ्यापुरतं मी ‘गेझ’ तसाच ठेवणार आहे. ‘टक’ सुचला होता, पण ‘पुरुषी टक’ वाचून मलाच हसू आलं.