मॅडविमिनच्या गल्ल्यावर

ध्येयवादी माणसं पगारावर ठेवली की काय होतं, याचं इतकं नेमकं आणि इतकं हसवणारं चित्रण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अ‍ॅलिसन बेक्डेलची ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’ ही व्यंगचित्रमालिका १९८३ ते २००८ अशी पंचवीस वर्षं अमेरिकेतल्या छोट्या स्त्रीवादी आणि समलिंगी वृत्तपत्रांतून येत राहिली. लेस्बियन मैत्रिणींचा एक गोतावळा. त्यांची प्रेमं, भांडणं, मोर्चे, संसार. सिनेमावाल्यांना तिच्यातली १९८५ची एकच पट्टी ठाऊक असते. सिनेमात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी, ही ‘बेक्डेल टेस्ट’ तिथून निघाली. बाकीचे वाचक कोणाचं कोणाशी जमलं याच्या मागे असतात. मला विचाराल तर ही गोष्ट मुळात एका दुकानाची आहे.

दुकानाचं नाव मॅडविमिन बुक्स. जेझाना ही कृष्णवर्णीय बाई मालकीण आणि मो, लोइस, थिया या तिथल्या नोकरदार. मो म्हणजे चट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, गोल चष्मा आणि साऱ्या जगाची काळजी. युद्ध, पर्यावरण, निवडणुका, कशावरही ती तासभर कळवळून बोलेल. आता अशी बाई गल्ल्यावर बसवायची म्हणजे मालकिणीचा जीव टांगणीलाच. गिऱ्हाइकानं पाकीट उघडावं की मोचं ऐकून घ्यावं? लोइस नेमकी उलट्या टोकाची. बेफिकीर, इश्कबाज, पुरुषी वेशात मजेत वावरणारी. मोच्या सोवळेपणाला टाचणी लावायची एकही संधी सोडत नाही. थिया चित्रकार, ज्यू, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे व्हीलचेअरवर. अशा पात्राला संतपण बहाल करायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. बेक्डेलनं तिला साधी सहकारी ठेवलं आहे, आणि साधी सहकारी म्हणजे जिच्यावर जीवही जडू शकतो आणि जिचा वैतागही येऊ शकतो.

पण खरी कमाल जेझानाची. वाचकांच्या लाडक्या पात्रांच्या यादीत ती सहसा वरती नसते, आणि तिच्याशिवाय ही गंमत उभीच राहिली नसती. चळवळीतली बहीण आणि पगार देणारी शेठाणी एकाच अंगात नांदवायची म्हणजे काय, हे तिच्या तोंडावर दिसतं. विचारांनी ती मोपेक्षा कणभरही मवाळ नाही. मात्र जागेचं भाडं, प्रकाशकांची बिलं आणि महिन्याअखेरचे पगार तिला भागवायचे असतात. मो पेटली की जेझाना तिला कामाला लावते. हे दटावणं विनोदाचा ताल सांभाळतं. मोचं भाषण चढत जातं, वाचकही तिच्या बाजूनं तापतो आणि नेमक्या त्या क्षणी दुकान आडवं येतं. भाषण खोटं ठरत नाही. फक्त त्याला वेळ नसतो. उपहास आणि माया एकाच चौकटीत बसवायची ही पद्धत मला फार अवघड वाटते. चळवळीची टिंगल करणारे खूप आहेत, तिची आरती ओवाळणारेही. तिच्यात राबणाऱ्यांना कामाच्या वेळेत पकडणारे थोडे.

आता चित्राकडे बघा. एका पट्टीत दहा-बारा छोट्या चौकटी, काळ्या शाईचं बारीक काम, आणि मागच्या भिंती गप्प बसत नाहीत. पुस्तकांचे कणे, टी-शर्टांवरच्या घोषणा, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळीकडे बारीक अक्षरात खोड्या. पात्रं घरात असतात तेव्हा हा मजकूर अधूनमधून डोकावतो. दुकानात मात्र पार्श्वभूमी म्हणजेच मजकूर, कारण पुस्तकाचं दुकान काढायचं तर अक्षरंच काढावी लागतात. वाचकाचे कान गल्ल्यावरच्या भांडणाकडे आणि डोळे मागच्या फळीवर. पुस्तकांच्या दुकानात आपण अगदी असेच उभे असतो की! न विकत घेता रेंगाळणारं गिऱ्हाईक बेक्डेलनं आपल्यालाच करून टाकलं आहे.

या दुकानाला खरा आधार होता. मिनियापोलिसमध्ये १९७० साली एका घराच्या पडवीत ‘अ‍ॅमेझॉन’ नावाचं स्त्रीवादी पुस्तकांचं दुकान सुरू झालं. पुढे ते काम करणाऱ्यांच्याच सहकारी मालकीचं होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बेक्डेल त्याच भागात राहत होती. १९९९ साली या दुकानानं नावावरून अ‍ॅमेझॉन डॉट कॉमवर दावा लावला, तेव्हा कंपनीच्या वकिलांनी तिथल्या बायकांना त्या लेस्बियन आहेत का, असं विचारलं. वाद नावाचा आणि उलटतपासणी बिछान्याची! त्याच वर्षी तडजोड झाली. दुकान पुढे २०१२ला बंद पडलं.

असं दुकान एकटं नव्हतं. नव्वदीच्या मध्याला उत्तर अमेरिकेत अशी शंभराहून जास्त दुकानं होती आणि त्यांच्यातल्या विक्रेत्या ‘फेमिनिस्ट बुकस्टोअर न्यूज’ या पत्रिकेतून एकमेकींना धंद्याच्या खाचाखोचा कळवत असत. मालिकेचे संग्रह १९८६पासून फायरब्रँड या छोट्या स्त्रीवादी प्रकाशनानं काढले आणि ते खपले ते मुख्यतः याच दुकानांतून. म्हणजे गल्ल्यावरची बाई स्वतःचंच व्यंगचित्र पिशवीत घालून देत होती. बेक्डेलचा विनोद घरचा राहिला त्याचं एक कारण हे असावं. ज्यांना चिमटा काढायचा, त्यांच्याच हातून पुस्तक विकलं जायचं होतं.

मग साखळी दुकानं आली, सवलती आल्या. मालिकेत त्यांची नावं ‘बन्स अँड नूडल’, ‘बाउंडर्स बुक्स अँड म्यूझॅक’ आणि इंटरनेटवरचं ‘मेड्युसा डॉट कॉम’. नावांत हसू आहे. मॅडविमिनला घरघर लागते ती मात्र वर्षानुवर्षं, पट्टीमागून पट्टी. एकही खलनायक दार लाथाडत येत नाही. नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत दुकान बंद होतं, आणि ही संथ गती मला कथनातली मोठी करामत वाटते. पात्रं खऱ्या काळाबरोबर म्हातारी होतात, तसं दुकानही थकतं. (‘बाउंडर्स’मागचं खरं साखळी दुकान बॉर्डर्ससुद्धा २०११मध्ये गुंडाळलं गेलं, पण तोवर मालिका संपली होती.)

दुकान गेल्यावर मालिकेचा तोल थोडा ढळतो, असं माझं मत आहे. मो ग्रंथपाल होते, पात्रं फोनवर नि स्वयंपाकघरांत भेटत राहतात. बुशच्या कारकिर्दीतला मोचा संताप खरा आहे, पण कधीकधी तो सरळ अग्रलेख होतो. तिला ‘आधी ती खोकी फोड’ म्हणणारं कोणी उरलेलं नाही. २००८च्या ‘द इसेन्शियल डाइक्स टू वॉच आउट फॉर’ या जाडजूड निवडक संग्रहात हा सगळा प्रवास एका जागी मिळतो. सुरुवात मात्र पहिल्या पानापासून करू नये. नव्वदीच्या मधली वर्षं आधी काढावीत, जेव्हा जेझाना हिशेबाला बसलेली असते आणि मो अजून बोलतच असते.