दगडाच्या अंगातलं तेज

उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाणी मारलं की घटकाभर एक वास उठतो. आपण त्याला मातीचा वास म्हणतो, पण तिथे माती नसते. दिवसभर तापलेला दगड असतो. ही बारीक गोष्ट एका इंग्रजी शब्दाने पकडली आहे: पेट्रिकोर.

हा शब्द घडवला इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, १९६४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतल्या निबंधात. तोवर या वासाचं नाव चिकणमातीशी बांधलेलं होतं. कोरड्या, उबदार हवेत राहिलेल्या खडकांमधूनही याच वासाचं पिवळसर तेल निघालं आणि ते जुनं नाव तोकडं पडलं. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हाच गंध चंदनतेलात धरून ‘मिट्टी का अत्तर’ करतात, याचीही त्यांनी दखल घेतली.

शब्दाची घडण पाहा. ‘पेट्रा’ म्हणजे ग्रीकमध्ये दगड. त्याला तेलाचा लॅटिन शब्द जोडला की ‘पेट्रोलियम’ होतं. म्हणजे सरळ अर्थाचं नाव खनिज तेलाने आधीच घेतलेलं. मग त्यांनी ‘इकोर’ घेतला. होमरच्या ‘इलियड’मध्ये योद्धा डायोमिडीजचा भाला ॲफ्रोडाइटी देवीच्या हाताला लागतो तेव्हा जे झरतं ते इकोर. देव अन्न खात नाहीत, मद्य पीत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगात माणसासारखं रक्त नसतं, इकोर असतं. प्रयोगशाळेत बसून दगडाच्या अंगात देवाचं रक्त पाहणं! मला हा शब्द अख्ख्या कवितेएवढा वाटतो.

मुळात पेट्रिकोर हे त्या पिवळसर तेलाचं नाव. आता लोक ते वासालाच लावतात. तेही कोरड्या दिवसांनंतरच्या पावसालाच शोभतं. भर श्रावणातल्या आठव्या दिवशीच्या झडीला पेट्रिकोर म्हणणं चूक.

आपल्याकडे ‘मृद्गंध’ आहे. विंदा करंदीकरांचा त्या नावाचा संग्रह १९५४चा, म्हणजे पेट्रिकोरच्या दहा वर्षं आधीचा. नांगरलेल्या रानावर वळीव कोसळतो तेव्हा मला मृद्गंधच हवा. त्यात ओल आहे, ढेकूळ आहे. पण कातळावर, फरशीवर, देवळाच्या पायरीवर पहिले थेंब पडतात तेव्हा तो शब्द अपुरा पडतो.

येत्या वैशाखात तापलेल्या पायरीवर ओंजळभर पाणी टाका, आणि वाकून वास घ्या.